आमच्यामुळे

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजयीचे गुडघे कुरकुरतात, माझा खोकला आहे तसाच आहे. आपण फोनवर बोलणारी माणसं, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? जेवलास का, औषध घेतलंस का, नातीला दात आले का, एवढं विचारून झालं की तुझा दम संपतो आणि "बरं, ठेवते" म्हणतेस. मला जे सांगायचंय ते त्या प्रश्नांच्या मधल्या फटीत बसणारं नाही. शिवाय मी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दगडात कोरली, स्वतःची लिहायची सवय नाही. तेव्हा चुका दिसल्या तर पोरांच्या वहीतल्यासारख्या लाल पेनाने तपासत बसू नकोस, पुढे वाचत जा.

खिंडीचा रस्ता रुंद होतोय. चार गाड्या शेजारीशेजारी जातील एवढा. दोन्ही बाजूंची झाडं गेली, वळणावरचं चहाचं दुकान गेलं, आणि आता आपलं कारंजं वाटेत येतंय. महिन्यापूर्वी रस्ते खात्यातून बोलावणं आलं. साहेबांच्या खुर्चीत आता एक तरुण इंजिनीअरबाई बसतात. मला काका म्हणतात, बसायला खुर्ची देतात. म्हणाल्या, "काका, हे सगळं उतरवून पेट्रोल पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत पुन्हा उभं करायचंय. दगडांना नंबर घालून द्याल का? ज्यांना दगड कळतो अशी माणसं आमच्याकडे उरली नाहीत." मी हो म्हणालो. पाणी असेल का तिथे, विचारलं. त्या म्हणाल्या, जोडणीचं काम मंजूर कामांत नाही, पुढे बघू. म्हणजे कारंजं राहील, पाणी राहणार नाही. तसंही नाव कारंजं असलं तरी त्यात उडणारं असं कधी काही नव्हतंच. काळ्या दगडाची पाठभिंत, तिच्यातली पितळी तोटी, खाली माणसांसाठी उंच कुंडी आणि जनावरांसाठी बुटका हौद. आणि तोटीच्या वर ती शिळा.

आई आपल्याला तिथे न्यायची ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, मी तेव्हा कडेवर. ती ओंजळीत पाणी धरून म्हणायची, हे तुमच्या आजोबांचं पाणी. खिंड फोडताना तिचे वडील तिथे मजूर होते. पाण्याची गाडी चार दिवस वर आलीच नाही, खाली कचेरीत कोणीतरी ती दुसरीकडे वळवली होती. उन्हात पहारी चालवणारी माणसं शेवटी सुरुंगाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी प्यायली. आठ दिवसांत एकेचाळीस माणसं गेली, त्यांत आजोबाही. आई तेव्हा सहा वर्षांची होती. खात्याने आधी साथ आली म्हणून कागद रंगवले. पण त्या वेळचे मंत्री स्वतः वर चढून आले, खड्डा पाहिला, विधवांच्या समोर जमिनीवर बसले, आणि तिथेच एक वाक्य बोलले. पुढे त्या वाक्यापायी त्यांचं मंत्रिपद गेलं असं आई सांगायची. तरी कारंजं बांधलं तेव्हा लोकांनी हट्टाने तेच वाक्य शिळेवर घालायला लावलं. आईला वाचता येत नव्हतं. तिला ते पाठ होतं. तू मात्र अक्षरं त्या शिळेवरच शिकलीस. बोट फिरवत फिरवत. त्यातला दुसरा ळ तुला फार आवडायचा, खोल कोरलेल्या त्याच्या दोन वाटोळ्यांत तुझ्या करंगळीचं टोक बरोबर बसायचं. बाबा म्हणायचे, हा ळ ज्याने कोरला त्याचे हात धुऊन पाणी प्यावं.

आता त्या कार्यक्रमाचं बोलतो. अडतीस वर्षांत आपण दोघांनी तो विषय काढलेला नाही, आज मी काढतो. कारंज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून समारंभ होता. नवे मंत्री फूल वाहायला येणार होते. तू चौथीच्या वर्गाला पंधरा दिवस आधीपासून ते वाक्य शिकवत होतीस, म्हणून घेत होतीस. शिळा साफ करायची म्हणून त्या दिवसांत कारंज्यावर ताडपत्री होती, त्यामुळे तू पोरांना तिथे नेलंस ते थेट समारंभाच्या सकाळी. पांढऱ्या कपड्यांतली तीस पोरं रांगेत उभी. मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि पोरांनी एका सुरात म्हटलं, "हे एकेचाळीस जण आमच्यामुळे गेले. या वाटेवर पुन्हा कोणी तहानेने जाऊ नये." आणि शिळेवर सगळ्यांच्या समोर लिहिलेलं होतं, हे एकेचाळीस जण आमच्यासाठी गेले. पहिल्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मंत्री मागे वळून साहेबांकडे बघायला लागले. तुझा चेहरा मला अजून दिसतो, ताई. तू रांग सोडून सरळ शिळेपाशी गेलीस, पदराने ओलं पुसलंस, बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "हा शब्द बदललाय." ओरडली नाहीस, वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तशी म्हणालीस. रस्ते खात्याचे तेव्हाचे साहेब पुढे आले, हसत म्हणाले, "बाई, फळ्यावरचं पुसता येतं. दगडावरचं कोण पुसणार?" सगळे हसले. मंत्रीही हसले, त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

तू गप्प बसणारी नव्हतीस. कचेरीत गेलीस, जुना फोटो मागितलास. एकुलता एक निघाला, त्यात शिळेच्या पुढे फेटेवाल्यांची रांग उभी, वाक्याचं पहिलं टोक तेवढं दिसतं. बांधकामाची फाइल मागितलीस, ती वाळवीने खाल्ल्याचं उत्तर आलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलंस. कोणी म्हणालं मुळे, कोणी म्हणालं साठी, बरेच जण म्हणाले काहीतरी होतं खरं, आता साहेब म्हणतात तर तसंच असेल. रोज त्या रस्त्याने जाणारी माणसं, पण पाणी पिताना वर बघणारी किती? मग मुख्याध्यापकांनी तुला बोलावलं आणि एक गोष्ट बरी सुचवली. तुमचा भाऊच दगडावर अक्षरं कोरतो ना, त्यालाच बघू द्या. तो जे सांगेल ते तुम्हीही माना, आम्हीही मानू.

तू मला घेऊन गेलीस. बाबांचं भिंग बरोबर होतं. तू मला म्हणालीस, "बारक्या, नीट बघ. मी चुकत असेन तर चुकते म्हण, मला राग नाही यायचा. पण बघून सांग." मी भिंग लावलं. एकेका अक्षराच्या कडा पाहिल्या, चांगली दहा मिनिटं. तू श्वास धरून उभी होतीस. मग मी भिंग खिशात ठेवलं आणि म्हणालो, "ताई, मला तर जुनंच काम वाटतंय. तुला लहानपणापासून आईचं ऐकून तसं आठवत असेल." तू पुन्हा विचारलं नाहीस. मान हलवलीस आणि म्हणालीस, "तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार." दुसऱ्या दिवशी तू शाळेला लेखी माफी लिहून दिलीस.

त्यानंतर तुला काय काय सोसावं लागलं ते मी बघत होतो. तुझ्याकडून वर्ग काढून घेतला, हजेरीपटाचं काम दिलं. पोरं तुला मुळेबाई म्हणायला लागली. नवीन आलेल्या शिपायाला वर्षभर ते तुझं आडनावच वाटत होतं, टपाल आलं की विचारायचा, मुळेबाई कोण. पहिल्यांदा हे सांगताना तूच हसली होतीस. मग हसेनाशी झालीस. एखादी गोष्ट आठवून सांगायची झाली की आधी म्हणायचीस, "मला असं वाटतं हं, मी चुकत असेन." किल्ली कुठे ठेवली, दूधवाला आला की नाही, सगळ्यात तेच. ज्या बाईने तीस पोरांची नावं, त्यांच्या भावंडांची नावं, कोणाला कोणता खोकला होतो हे तोंडपाठ ठेवलं, ती दाराला कडी लावली की नाही हे बघायला तीनदा उठायला लागली. दीड वर्षाने तू बदली मागून घेतलीस आणि लांबच्या शाळेत गेलीस. स्टेशनवर मी ट्रंक चढवून दिली.

आईचं तुला माहीत नसलेलं सांगतो. तू गेल्यावर एकदा तिला बाजारातून आणताना आम्ही कारंज्यापाशी थांबलो. ती पाणी प्यायली, हात पुसला आणि सवयीने शिळेवरून तळवा फिरवला. एका ठिकाणी हात थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा त्या जागी आणला. मग माझ्याकडे बघितलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पन्नास वर्षं तो दगड तिच्या हाताखालून गेला होता. त्या दिवसापासून ती तिथलं पाणी प्यायली नाही. बाजाराला जायला तलावाकडून मोठा वळसा घ्यायची. आणि माझ्या हातचं जेवायला वाढलेलं घेतानाही आधी क्षणभर ताटाकडे बघत राहायची. शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी बारा दिवस होतो. मला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं नाही, तुझं नाव मात्र रोज घेतलं.

मागच्या सोमवारी शिळा उतरवली. क्रेनचा पट्टा लावून हळूहळू खाली घेतली आणि लाकडी ओंडक्यांवर आडवी ठेवली. सकाळचं तिरपं ऊन होतं. उभी असताना जे कधी दिसलं नव्हतं ते आडव्या उन्हात लख्ख दिसलं. त्या ओळीच्या मध्यावर दगड बशीसारखा खोलगट झालेला, हाताच्या दोन पंजांएवढा. क्रेनवाला खाली उतरून आला, ती जागा चाचपून म्हणाला, "काका, इथे कोणीतरी तासलंय की." मी म्हणालो, "हो, तासलंय." तो म्हणाला, "कोणी?" मी त्याला सांगितलं, "मी."

ताई, ते काम माझं होतं.

समारंभाच्या आधी साहेबांनी मला कचेरीत बोलावलं होतं. म्हणाले, एक शब्द झिजलाय, नीट करायचाय. मी म्हणालो, साहेब, ती शिळा मला घरच्यासारखी माहीत आहे, काहीही झिजलेलं नाही. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. म्हणाले, नव्या मंत्र्यांना त्या शब्दासमोर उभं करता येत नाही, आपणच आपल्याला खुनी म्हटल्यासारखं होतं. दोन अक्षरांचा तर प्रश्न आहे. मग दुसरा कागद सरकवला. खात्यात कायमची नोकरी, मैलाचे दगड कोरायचं काम, उघड्यावर. तू आठव, बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दगडाच्या बंद शेडमध्ये ते खोकून खोकून गेले, शेवटी त्यांच्या थुंकीत राखेसारखं यायचं. मला तसाच खोकला लागला होता आणि तुझ्या भावजयीला सहावा महिना होता. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. तेव्हा मी सबब म्हणूनच वापरली, पण आज ती चालत नाही हे मला कळतं.

ताडपत्रीच्या आत दोन दिवस लागले. मुळे हा शब्द पूर्ण घालवायला आजूबाजूचा दगडही उतरवावा लागतो, नाहीतर खड्डा दिसतो. मु लवकर गेला. ळे जाईना. ज्याने तो कोरला होता त्याने एवढा खोल कोरला होता की मी खाली जातोय, खाली जातोय, आणि त्या दोन वाटोळ्यांच्या पुसट कडा तशाच. तुझं बोट जिथे बसायचं तिथे मी छिन्नी धरली होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. शेवटी साठी कोरलं, जुन्या वळणाचं, अगदी बाकीच्यांशी जुळेल असं. चहाच्या पाण्यात माती कालवून वर चोळली. साहेब बघून म्हणाले, वा, ओळखू येत नाही. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सफाईदार काम. त्यानंतर बत्तीस वर्षं मी खात्यासाठी नुसते आकडे कोरले. कोणत्या गावाला किती अंतर, एवढंच. शब्द मी पुन्हा घेतले नाहीत. एकदोघांनी घराच्या पाट्या मागितल्या, हात दुखतो म्हणून सांगितलं.

तू त्या सकाळी पोरांना म्हणायला लावशील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण भिंग घेऊन तू मला उभं केलंस तेव्हा तर सगळं माझ्या हातात होतं. एक वाक्य बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती आणि तुझं नाव राहिलं असतं. मी ते दहा मिनिटं तोलत होतो. तुला वाटलं मी अक्षरं बघतोय.

मंगळवारी मी इंजिनीअरबाईंकडे गेलो आणि त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, नीट ऐकलं. मी म्हणालो, शिळा अजून खालीच आहे, मी मूळ शब्द परत घालतो, फुकट घालतो. त्या माझ्याबरोबर जागेवर आल्या. पण दगड आता तेवढा जाड उरलेला नाही. माझ्या तासण्याने जो खोलगट भाग झाला त्यात इतकी वर्षं पाणी मुरलं, मागून एक बारीक चीर पार कडेपर्यंत गेलीय. आणखी एक सूत उतरवला तर दोन तुकडे होतील. हे मी मान्य केलं, दगडाशी खोटं बोलता येत नाही. मग म्हणालो, शेजारी एक छोटी पाटी तरी लावा. त्या म्हणाल्या, "काका, सगळ्या मंजुऱ्यांत, शाळेच्या पुस्तकात, स्मारकांच्या यादीत साठीच आहे. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर मला बदलता येणार नाही. तुम्ही लिहून द्या, मी फाइलला जोडते." मी लिहून दिलं. सही केली. त्यांनी शिक्का मारून एक प्रत मला दिली. परवा शिळा पंपाच्या मागे उभी राहिली, त्याच शब्दासकट. पुढे टायरांचा ढीग आहे. आपल्या आजोबांना आता कायमचं कोणासाठी तरी मरावं लागणार, माझ्यामुळे. ते दुरुस्त होणार नाही, ताई. मी तुला खोटी आशा दाखवत नाही.

पण हे सगळं मी शिळा उतरली म्हणून लिहिलेलं नाही. एवढ्यावर कदाचित मी आणखीही गप्प राहिलो असतो, माझा स्वभाव तुला माहीत आहे. रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला. तिने तुझ्या आजाराचं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात नेलं होतं ते, पुढे पुढे तू आम्हाला ओळखशील की नाही याचा भरवसा नाही ते. मग ती म्हणाली, मामा, एक गंमत सांगू का, आणि रडायला लागली. डॉक्टरांनी तुला विचारलं, हे विसरायला कधीपासून होतंय, आणि तू त्यांना सांगितलंस, "चौतीस वर्षांची होते तेव्हापासून. एका दगडावरचा शब्द मला चुकीचा आठवला होता, माझ्या भावाने स्वतः बघून सांगितलं. तेव्हाच डोकं बिघडायला लागलं असणार." डॉक्टरांनी ते लिहूनही घेतलं म्हणे. म्हणून हे पत्र, तू अजून वाचू शकतेस तोवर. शिक्क्याची प्रत सोबत आहे, ती डॉक्टरांना दाखव आणि त्यांना ती ओळ खोडायला सांग. मला माफ कर असं मी लिहीत नाही. तू उद्या माफ करशील आणि परवा ते विसरशील, एवढ्या स्वस्तात मला सुटायचं नाही. लेकीला सांगून ठेव, विसरलीस की तिने हे पत्र पुन्हा वाचून दाखवायचं, आणि प्रत्येक वेळी तुला माझा नव्याने राग आला तरी चालेल. चौतिसाव्या वर्षी तुझं डोकं जाग्यावर होतं, ताई. तुला बरोबर आठवत होतं.

तुझाच,
बारक्या